ग्रँड आणि स्पॉल्डिंगच्या चौकात

डेट्रॉईटच्या मराठी घरात भारतातून आई-वडील आले की त्यांना काय काय दाखवायचं याची यादी ठरलेली असते. डिअरबॉर्नचं हेन्री फोर्ड म्युझियम, मॅकिनॉ बेटावरची घोडागाडी, नायगारा, शिकागोचा तलावकाठ, आणि येता-जाता पिट्सबर्गचा बालाजी. फोटोंचे अल्बमसुद्धा सगळ्यांकडे साधारण सारखेच असतात. फक्त स्वेटरचे रंग वेगळे!

यंदा आमच्या यादीत चार जागांची भर पडली. तिथे तिकीट नाही, रांग नाही आणि खरं सांगायचं तर बघायलाही काही नाही, कारण तिथे जे होतं ते पन्नास वर्षांपूर्वीच गेलं. साठच्या दशकातल्या वेगवान गाड्या जिथे विकल्या जायच्या आणि आणखी वेगवान करून मिळायच्या, अशी ती दुकानं. इथली मंडळी त्या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. मराठीत मी त्यांना पैलवान गाड्या म्हणते.

ही भर पडली माझ्या सासऱ्यांमुळे. अप्पा एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. सगळी नोकरी इंजिन विभागात गेली. उतरवलेलं इंजिन खोलायचं, धुवायचं, मापं घ्यायची, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा जोडून टेस्टला लावायचं, हे त्यांचं आयुष्य. एप्रिलमध्ये ते आणि आई सहा महिन्यांसाठी आले. आईंचा माझ्या मुलाबरोबर छान वेळ जायचा. अप्पा मात्र खिडकीत बसून समोरच्या रस्त्यावरून कोणत्या कंपनीच्या किती गाड्या गेल्या ते मोजायचे.

मग एका दुपारी शेजारच्या आजोबांच्या गॅरेजचं दार उघडं दिसलं. ते पाँटियाकच्या कारखान्यात असेंब्ली लाईनवर होते. आता एकटेच असतात. गवत कापायच्या मशीनचं इंजिन खोलून बसले होते. अप्पा गेले, उकिडवे बसले, आणि काही न बोलता कार्ब्युरेटरकडे बोट दाखवलं. आजोबांनी मान हलवली. अप्पांचं इंग्रजी स्पेअर पार्टच्या नावांपुरतं, आजोबांचं मराठी शून्य. तरी तास-दीड तास दोघांचं बोलणं चाललं होतं. मी चहा घेऊन गेले तेव्हा 'गास्केट' हा शब्द दोन्ही बाजूंनी ऐकू येत होता.

त्या दिवसापासून मी दुभाषी झाले. लग्नाआधी मी साताऱ्याला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवत होते. इथे आल्यावर व्हिसामुळे नोकरी नाही, त्यामुळे शिकवणं सुटलं; पण कोणी जुनं काही सांगू लागलं की वही काढायची सवय सुटलेली नाही. आजोबांनी सांगितलेलं मी लिहून घेतलं, लायब्ररीतून पुस्तकं आणली, आणि चार पत्ते हाती आले. आजोबांना आता लांबचा प्रवास झेपत नाही. "जाऊन या," ते म्हणाले, "आणि फोटो काढून आणा."

पहिला पत्ता आमच्याच अंगणातला. रॉयल ओक गावातल्या मेन स्ट्रीटवर 'रॉयल पाँटियाक' नावाची शोरूम होती. मालक एस विल्सन. तिथे काय घडत होतं हे कळायला थोडी पार्श्वभूमी हवी.

१९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना मोटार-शर्यतींपासून दूर राहायला सांगितलं. मध्यम आकाराच्या गाडीत साधारण ५.४ लिटरपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असाही कंपनीचा नियम होता. पाँटियाक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. नवीन मॉडेल काढलं तर वरच्यांची परवानगी लागणार. म्हणून त्यांनी 'टेम्पेस्ट' या साध्या गाडीवर ६.४ लिटरचं इंजिन 'जादा पर्याय' म्हणून ठेवलं. किंमत सुमारे २९६ डॉलर. त्या पर्यायाचं नाव जीटीओ. पहिल्याच वर्षी, म्हणजे १९६४ मध्ये, अशा ३२,४५० गाड्या खपल्या. साधी काया, मोठं काळीज आणि नोकरीला लागलेल्या पोराला हप्त्यावर परवडेल अशी किंमत. पैलवान गाड्यांची लाट इथून उसळली.

कंपनीला शर्यतीत उतरता येत नव्हतं, पण डीलरला कोण अडवणार? पाँटियाकच्या जाहिरात संस्थेतले जिम वँगर्स यांनी विल्सनना आधीच गाठलं होतं. १९६० मध्ये वँगर्स स्वतः रॉयलची पाँटियाक घेऊन राष्ट्रीय ड्रॅग शर्यतीत आपल्या गटात पहिले आले होते. त्यानंतर रॉयलमध्ये 'बॉबकॅट' नावाचा संच मिळू लागला. हे नावही मजेशीर पद्धतीने तयार झालं: 'बॉनव्हिल' आणि 'कॅटालिना' या गाड्यांच्या नावांतली धातूची अक्षरं सुटी करून ती नव्याने जुळवली. संचात पातळ हेड गास्केट, कार्ब्युरेटरचे मोठे जेट, डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग बदलायचं साहित्य असं बरंच काही असायचं. गाडी रॉयलला आणली तर ते बसवून द्यायचे. लांबच्या गिऱ्हाईकाला पोस्टाने पाठवायचे.

हे मी अप्पांना वाचून दाखवलं तेव्हा ते हसले. "गास्केट पातळ केलं की कॉम्प्रेशन वाढणारच. पण आमचं गणित उलटं होतं. गाडी पळावी म्हणून नाही, टिकावी म्हणून."

मेन स्ट्रीटवर आता रेस्टॉरंटं आहेत, कॉफीची दुकानं आहेत, नव्या अपार्टमेंट आहेत. शोरूमची आठवण सांगणारी पाटी आम्हाला कुठे दिसली नाही. पाँटियाक ही गाडीच २०१० मध्ये बंद झाली. अप्पांनी फुटपाथवर उभं राहून रस्ता दोन्ही बाजूंना नीट बघितला आणि विचारलं, "टेस्ट कुठे घेत असतील?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर काही चौक पलीकडे होतं: वुडवर्ड अॅव्हेन्यू. डेट्रॉईटच्या नदीकाठापासून पाँटियाक गावापर्यंत जाणारा २७ मैलांचा सरळसोट रस्ता. याच रस्त्याचा एक मैल १९०९ मध्ये काँक्रीटचा झाला, आणि काँक्रीटच्या महामार्गाचा देशातला पहिला मैल म्हणून त्याचं नाव घेतात. साठच्या दशकात इथे रात्री एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या. तीनही मोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर याच भागात राहायचे. प्रयोगाच्या गाड्या घेऊन तेही यायचे म्हणतात. आपण ज्या रस्त्याने मुलांना पोहायच्या क्लासला नेतो, त्याचा हा इतिहास!

दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे 'ड्रीम क्रूझ' भरते, ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. १९९५ मध्ये फर्नडेलच्या एका फुटबॉल मैदानासाठी निधी जमवायला ती सुरू झाली. यंदा आम्ही आजोबांना घेऊन घडीच्या खुर्च्या टाकून बसलो. एक जीटीओ समोरून गेली. त्यांच्याकडेही एके काळी होती. पहिलं मूल झालं तेव्हा विकली, कारण मागच्या सीटवर पाळणा नीट बसत नव्हता. ते बघत राहिले आणि म्हणाले, "आवाज बरोबर आहे." अप्पांना मी भाषांतर करून सांगायच्या आधीच त्यांनी मान डोलावली होती.

पण त्याआधी जूनमध्ये आम्ही शिकागोला जाऊन आलो होतो. देवॉन अॅव्हेन्यूला डाळी, पोहे, आईंच्या साड्या अशी खरेदी ठरलेलीच होती. तिथून दक्षिणेकडे निघालं की वाटेत आयर्व्हिंग पार्क रोड लागतो. 'निकी शेव्हरोले' ही प्रसिद्ध शोरूम या रस्त्यावर होती. तिच्या पाटीवरचं 'के' अक्षर मुद्दाम उलटं लावलेलं असायचं. लोकांना वाटे पेंटर चुकला, ते सांगायला आत येत, आणि मग गाडी बघून जात! आमच्या मुलाला ही युक्ती इतकी आवडली की त्या दिवसापासून तो आपल्या नावातलं एक अक्षर उलटं काढतोय. त्याच्या शाळेतून चिठ्ठी येण्याची मी वाट बघते आहे.

आणखी दक्षिणेला ग्रँड अॅव्हेन्यू आणि स्पॉल्डिंग अॅव्हेन्यू एकमेकांना छेदतात. या कोपऱ्यावर एका पेट्रोल पंपाच्या आवारात नॉर्म क्राऊस आणि त्यांचे भाऊ जुन्या गाड्या विकत. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीला अक्षरांप्रमाणे पैसे पडतात, म्हणून पूर्ण नाव न छापता त्यांनी 'मिस्टर नॉर्म' एवढंच छापलं. गिऱ्हाईकं तेच नाव विचारत येऊ लागली आणि ते आयुष्यभर चिकटलं. १९६२ मध्ये त्यांना डॉजची एजन्सी मिळाली. दुकानाला नाव काय द्यावं? समोरच्या दोन रस्त्यांचं: 'ग्रँड-स्पॉल्डिंग डॉज'.

मिस्टर नॉर्मचं वैशिष्ट्य म्हणजे तिथला डायनॅमोमीटर. गाडीची मागची चाकं रोलरवर ठेवायची, गाडी जागच्या जागी पळवायची आणि इंजिनाची खरी ताकद चाकाशी किती पोचते ते काट्यावर वाचायचं. वेगवान गाडी घेणाऱ्या गिऱ्हाईकाला ती अशी मोजून, जुळवून मगच हाती मिळायची. दापोडीला दुरुस्त इंजिन टेस्ट बेंचवर चढवल्याशिवाय बाहेर जायचं नाही; त्यामुळे हा मुद्दा अप्पांना फारच पटला.

दुसरी गोष्ट १९६७ ची. 'डार्ट' या लहान गाडीत ६.३ लिटरचं इंजिन मावणार नाही, असं कंपनीचे इंजिनिअर म्हणत होते. शिकागोच्या या दुकानातल्या मेकॅनिकांनी ते बसवलं आणि गाडी चालवत डेट्रॉईटला नेऊन दाखवली. मग कंपनीने तशी गाडी स्वतःच बाजारात आणली. कारखाना शिकवतो आणि दुकान शिकतं, अशी आपली समजूत. इथे दुकानाने कारखान्याला शिकवलं.

क्राऊस यांनी १९७७ मध्ये दुकान विकलं, आणि २०२१ मध्ये ते गेले. आम्ही चौकात उभे राहिलो. वर बघितलं तर खांबावर दोन हिरव्या पाट्या: एकीवर ग्रँड, दुसरीवर स्पॉल्डिंग. दुकान गेलं तरी दुकानाचं पूर्ण नाव महापालिकेने जपून ठेवलंय, कोणाच्याही नकळत.

मुलगा त्या पाट्यांचा फोटो काढत होता. आणि नवरा अचानक अप्पांना म्हणाला, "अप्पा, आमचा गट बंद होतोय."

हे मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. तो इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करतो. कुठे किती इंधन, कोणत्या क्षणी ठिणगी, हे ठरवायचं काम. कंपनीने त्या गटाला दोन वाटा दिल्या होत्या: बॅटरीच्या विभागात जाऊन नव्याने शिका, नाहीतर दुसरीकडे बघा. व्हिसावरच्या माणसाची नोकरी सुटली की हातात साठ दिवस उरतात, हे या अंकाच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. त्यातल्या कितीतरी घरांत हे साठ दिवस कधी ना कधी मोजले गेलेत. आई-अप्पांची ट्रिप खराब होऊ नये म्हणून आम्ही गप्प होतो. पुण्यात त्यांनी 'मुलगा अमेरिकेत इंजिनं बनवतो' हे किती अभिमानाने सांगितलंय, तेही माहीत होतं.

अप्पांनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी आधी मला विचारलं, "ही दुकानं बंद का पडली म्हणालीस?"

मी सांगितलं. एकच कारण नव्हतं. साठच्या दशकाच्या अखेरीस विमा कंपन्यांनी या गाड्यांचे हप्ते एवढे वाढवले की तरुण पोरांना गाडीपेक्षा विमा जड झाला. १९७० मध्ये हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा आला. शिसं नसलेल्या पेट्रोलवर चालावीत म्हणून १९७१ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि पंपांवर रांगा लागल्या. १९७४ च्या मॉडेलनंतर जीटीओ बंद झाली. दहाच वर्षांचा खेळ.

"आणि तिथले मेकॅनिक?" अप्पांनी विचारलं.

पुस्तकांत मालकांची नावं होती, शर्यती जिंकणाऱ्यांची होती. मेकॅनिकांचं पुढे काय झालं ते माझ्या वहीत नव्हतं.

"दुसऱ्या गॅरेजला गेले असतील," अप्पा म्हणाले. "पाना धरता येणारा माणूस रिकामा बसत नाही." मग नवऱ्याकडे वळून, "बॅटरीच्या विभागात काय करायचं असतं?"

"बॅटरी तापते. ती थंड ठेवायची. पाणी फिरवून."

"म्हणजे रेडिएटर!" अप्पा एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की शेजारून जाणारी बाई थांबली. "अरे, खंबाटकीच्या घाटात गाडी तापू नये म्हणून आयुष्यभर तेच केलं की आम्ही."

तेवढ्यावर प्रश्न सुटला असं नाही. पुढचे दोन महिने नवरा रात्री एक वाजेपर्यंत अभ्यास करत होता आणि मी कॅलेंडरकडे बघत होते. पण शिकागोहून परतताना गाडीत पहिल्यांदाच हे सगळं मोकळेपणी बोललं गेलं. अप्पांनी एक आठवण सांगितली. एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, हे प्रत्येक एस.टी. कर्मचाऱ्याला पाठ असतं. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच मार्गावर 'शिवाई' ही विजेवर चालणारी बस सुरू झाली. अप्पा मुद्दाम जाऊन तीत बसून आले होते. "आवाजच नाही," ते म्हणाले. "आधी वाईट वाटलं. मग झोप लागली. नगर कधी आलं कळलंच नाही."

शेवटचा पत्ता सप्टेंबरातला. पिट्सबर्गजवळच्या पेन हिल्सच्या टेकडीवर वेंकटेश्वराचं दर्शन घेतलं, कँटीनमधला चिंचेचा भात आणि दहीभात खाल्ला, आणि शहर ओलांडून नैर्ऋत्येला कॅनन्सबर्ग या लहान गावी गेलो. इथे वेस्ट पाइक स्ट्रीटवर 'येंको शेव्हरोले' होतं. वडील फ्रँक येंको यांनी धंदा सुरू केला. मुलगा डॉन शर्यतपटू आणि वैमानिक. कंपनीचा नियम असा की कॅमेरो गाडीत ६.६ लिटरपेक्षा मोठं इंजिन नाही. डॉन येंको आपल्या वर्कशॉपमध्ये नव्या कॅमेरोचं इंजिन उतरवून ७ लिटरचं चढवत. हे काम वेळखाऊ. मग १९६९ साठी त्यांनी कंपनीच्या मुख्य कार्यालयाची एक वेगळी वाट वापरली. टॅक्सीवाले, पोलीस खातं अशांच्या घाऊक आणि विशेष मागण्या ज्या खात्यातून मंजूर होत, त्याच खात्यातून त्यांनी मोठं इंजिन कारखान्यातच बसवून घेतलं.

"खास बाब म्हणून मंजूर!" अप्पांनी सरकारी शिक्का मारल्यासारखा हात आपटला.

त्या वर्षीच्या येंको कॅमेरो साधारण दोनशे. आज त्यांतली एखादी लिलावात निघाली तर आपल्या घराच्या किमतीशी तुलना करावी लागते. शोरूमचा धंदा १९८२ मध्ये विकला गेला. डॉन येंको १९८७ मध्ये विमान अपघातात गेले. कॅनन्सबर्गमध्ये पुतळा आहे तो गावच्या गायकाचा, पेरी कोमो यांचा, आणि त्यातून त्यांची गाणी ऐकू येतात. आईंना तो फार आवडला. अप्पा मात्र पाइक स्ट्रीटचा चढ-उतार बघत होते. टेस्ट कुठे घेत असतील, याचा अंदाज त्यांनी मनात बांधला असावा.

आजोबांनी फोटो पाहिले. खरं तर त्यांत काय होतं? रस्ते, खांब, फुटपाथ, आणि कॅमेऱ्याकडे न बघणारे अप्पा. पण ग्रँड-स्पॉल्डिंगच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं आणि १९६८ मध्ये मित्राबरोबर तिथे गेले होते तेव्हा कोणत्या बाजूला गाड्यांची रांग होती ते दाखवलं. मी ते वहीत लिहून ठेवलं. बरोबर कोणता मित्र, तो काय काम करायचा, हेही विचारलं. तो मित्र मेकॅनिकच होता. पुढे त्याने स्कूलबस दुरुस्त करायचं गॅरेज काढलं आणि तिथूनच निवृत्त झाला. अप्पांच्या प्रश्नाचं निदान एक उत्तर मिळालं.

डॉजची चॅलेंजर डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली, शेव्हरोलेची कॅमेरोही त्याच हिवाळ्यात. पैलवानांची दुसरी पिढीही आखाड्याबाहेर पडते आहे. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांची भाकरी इंजिनावर चालते. यातल्या कोणाला गट बदलावा लागेल, कोणाला गाव, तर कोणाला देश. नवऱ्याने बॅटरीची पहिली परीक्षा दिली आहे आणि तो नव्या विभागात रुजू झाला आहे. अप्पा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला परतले. सामानात आजोबांनी दिलेला जुना स्पार्क प्लग होता. विमानतळावर तपासणीत तो बाहेर काढला गेला, तेव्हा अप्पांनी अधिकाऱ्याला तो कोणत्या इंजिनाचा ते समजावून सांगितलं. मराठीत. अधिकाऱ्याने तो नीट गुंडाळून परत दिला.

पुढच्या वेळी देवॉनला पोहे आणायला गेलात तर अर्धा तास जास्त काढा. ग्रँड आणि स्पॉल्डिंगच्या चौकात खांबावर वर बघा. आणि घरात कोणी जुना मेकॅनिक असेल, तर त्याला बरोबर न्या.